वाचनालयाचा पास आणि बाहेरचं बाकडं

लेकीकडं, लेकाकडं अमेरिकेला सहा महिने राहून आलेल्या आमच्या लातूरच्या बायका भेटल्या की बोलणं ठरलेलं असतं. थंडी किती होती, कोथिंबीर केवढ्याला मिळते, नातवंडं मराठी बोलतात का. मला मात्र प्रत्येकीला एकच विचारायचं असतं, "तिथल्या वाचनालयाचा पास काढलात का?" बहुतेकींना असं काही असतं हेच ठाऊक नसतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. पुढच्या उन्हाळ्यात जाणाऱ्या कुणाच्या तरी कामाला येईल.

माझी लेक न्यूयॉर्कमध्ये क्वीन्स भागात राहते. त्या शहरात सार्वजनिक वाचनालयांच्या तीन मोठ्या संस्था आहेत, न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि क्वीन्स. तिघींनी मिळून जुलै २०१८ मध्ये 'कल्चर पास' सुरू केला. वाचनालयाचं कार्ड असलेल्या, तेरा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही शहरातल्या संग्रहालयांचे, बागांचे फुकट पास मिळतात. सुरुवातीला ३३ ठिकाणं होती, पुढं वाढत गेली. कार्डालाही पैसे पडत नाहीत. संगणकावर कार्डाचा नंबर टाकायचा, ठिकाण निवडायचं, तारीख निवडायची, आणि पास छापून घ्यायचा किंवा फोनवर दाखवायचा. एका ठिकाणचा पास एका कार्डावर वर्षातून एकदाच. एका पासावर किती माणसं आत जातील हे त्या त्या ठिकाणानुसार बदलतं.

एवढी माहिती कुणीही सांगेल. मला सांगायचंय ते आमच्या घरातलं.

आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं होते. डॉलरचे रुपये केल्याशिवाय तिकडं त्यांनी पाण्याची बाटलीसुद्धा घेतली नाही. आम्ही गेलो त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात लेकीनं मॉडर्न आर्टच्या संग्रहालयाला जायचं ठरवलं. तिथं सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत, पण मोठ्या माणसाचं तिकीट ३० डॉलर. चार मोठी माणसं म्हणजे १२० डॉलर. यांनी दारातच मनात हिशेब केला, दहा हजारांच्या वर गेला, आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मला काय कळतंय त्यातलं, मी बाहेर बसतो." मीही त्यांच्याबरोबर थांबले. जावयांनी खूप आग्रह केला, पण हे हटले नाहीत. आम्ही दोघं दोन तास बाहेर बाकड्यावर बसलो. घरून नेलेली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. नात बाहेर आली ती पळतच. आत काय काय पाहिलं ते सांगायला लागली आणि मधेच थांबून म्हणाली, "आजी, तू का नाही आलीस?" मला उत्तर देता आलं नाही.

हे बाकडं आपल्याकडच्या पुष्कळ आईबापांना माहीत आहे. लेकरांचे पैसे जाऊ नयेत म्हणून आपण बाहेर बसतो आणि वर म्हणतो की मला आवड नाही.

त्या रात्री लेकीनं पास शोधून काढला. तिला तो माहीत होता, पण ऑफिसच्या धबडग्यात कधी काढला नव्हता. पहिला पास मिळाला ट्रान्झिट म्युझियमचा, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या संग्रहालयाचा. ब्रुकलिनमध्ये कोर्ट स्ट्रीट नावाचं १९३६ मधलं एक बंद पडलेलं स्टेशन आहे, त्यातच ते थाटलंय. रस्त्यावरून जिना उतरायचा, जसा रोजच्या गाडीला उतरतात तसाच. खाली फलाटाच्या दोन्ही अंगांना वेगवेगळ्या काळातले जुने डबे उभे. सगळ्यांची दारं उघडी. आत जाऊन बसा, कांबीला धरून उभे राहा, जुन्या जाहिराती वाचा. काही डब्यांत वेतानं विणलेल्या बैठका आहेत, वर पंखे आहेत.

यांना मी असं इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. नातवाला हाताला धरून डब्याडब्यातून हिंडले. ब्रेक कसा लागतो, दोन डब्यांची जोडणी कशी असते, दार उघडायला हवा कशी वापरतात, सगळं मराठीत समजावून सांगत होते. लेकरू सात वर्षांचं, अर्धे शब्द कळत नसतील, पण आज्जाच्या हाताच्या खुणा कळत होत्या. एका डब्यात आम्ही चौघं बसलो तेव्हा नातवानं विचारलं, "आबा, तुमच्या गावाला कोणती ट्रेन येते?" यांनी त्याला पाण्याच्या रेल्वेची गोष्ट सांगितली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला दहा टाक्यांची गाडी आली, एकेका टाकीत पन्नास हजार लिटर पाणी, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर तोडून पाणी रुळावरून आलं. पहाटे ते बघायला हे स्वतः स्टेशनवर गेले होते. नातवाचे डोळे एवढे मोठे झाले. त्याला वाटायचं ट्रेन माणसांसाठीच असते. त्या संग्रहालयात ती गोष्ट लिहिलेली नाही, पण मला वाटतं त्या दिवशी ती तिथलीच झाली.

त्या पासाचा मोठा फायदा पैशांचा आहे असं मी आधी समजत होते. सहा महिने वापरल्यावर कळलं की फायदा तारखेचा आहे. पास लेकीच्या नावाचा, म्हणून तिला बरोबर यावंच लागायचं. त्यावर तारीख छापलेली, म्हणून 'पुढच्या शनिवारी बघू' म्हणायची सोय नाही. एरवी शनिवारी सकाळी लॅपटॉप उघडून बसणारी माझी लेक त्या दिवशी डबा भरून तयार असायची. ब्रुकलिनच्या बोटॅनिक गार्डनला आम्ही गेलो तेव्हा चेरीला बहर होता. लेक माझ्या शेजारी गवतावर आडवी झाली आणि तशीच झोपली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत तासभर बसले. तिच्या लग्नानंतर असा तास मला मिळाला नव्हता.

उणं आहे तेही सांगते. नावाजलेल्या ठिकाणांचे पास हातोहात संपतात. लेक रात्री फोन घेऊन बसायची तरी दोन ठिकाणं शेवटपर्यंत मिळाली नाहीत. एकदा नातवाला ताप आला, पास रद्द करावा लागला. तोही वेळेत करा, म्हणजे दुसऱ्या कुणाला जाता येतं. आणि कार्ड तिथं राहणाऱ्या, काम करणाऱ्या, शिकणाऱ्या माणसांचं. आपण पाहुणे, लेकराच्या कार्डावर अवलंबून. म्हणून जायच्या आधीच लेकराला सांगून ठेवा, बाई, कार्ड काढून ठेव. पाचपैकी साडेचार तारे देईन. अर्धा कमी केला तो न मिळालेल्या दोन ठिकाणांसाठी.

डिसेंबरात लेक मुलांना घेऊन लातूरला आली. तिसऱ्याच दिवशी नात विचारते, "आजी, इथल्या लायब्ररीचा पास दाखव ना."

मी नोकरीला लागल्यापासून आमच्या भागातल्या वाचनालयाची सभासद आहे. दोन खोल्या, वर पत्रे, पेपर वाचायला सकाळी म्हातारी माणसं, दुपारी स्पर्धा परीक्षेची पोरं. आपल्याकडं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला, त्यातून मिळणाऱ्या अनुदानावर अशी कितीतरी वाचनालयं गावोगाव तग धरून आहेत. मी नातीला घेऊन गेले. ग्रंथपाल बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पास तर नाही गं माझ्याकडं. पण कुठं जायचं ते सांगते." आणि आतल्या कपाटातून तेर या गावावरची दोन जाडजूड पुस्तकं काढून दिली. माझ्या कार्डावर, पंधरा दिवसांसाठी.

तेर आमच्यापासून सव्वा तासावर. मुरूड, ढोकी आणि तिथून आत. आम्हाला तेर ठाऊक ते गोरोबाकाकांचं. लहानपणी आईबरोबर समाधीला कितीदा गेले. पण त्याच गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मी साठीच्या पुढं पहिल्यांदा पाय ठेवला, तोही न्यूयॉर्कहून आलेल्या नातीनं विचारलं म्हणून. याची मला मनापासून खंत वाटते. मी शिक्षिका होते. तीस वर्षांत किती वर्ग नेता आले असते.

लामतुरे तेरचेच व्यापारी. गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जमिनीत नांगरताना, पावसात माती वाहून गेल्यावर लोकांना जे सापडायचं ते त्यांनी वर्षानुवर्षं जमवलं, जपलं. मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या, दिवे. आज ते सरकारी संग्रहालय आहे. तेर म्हणजे सातवाहनांच्या काळातलं तगर. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक नोंदवहीत त्याचं नाव आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, असा पत्ताच दिलाय. इथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांतून गुजरातेतल्या भडोचच्या बंदराला जायची आणि तिथून समुद्रापार.

तिथली हस्तिदंताची बाई आवर्जून बघा. केवढीशी आहे, पण अंगावरचे दागिने मोजत बसावेसे वाटतात. तिच्यासारखीच एक हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईत सापडली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं ते गाव. नातीला हे सांगितलं तर ती काचेला नाक लावून कितीतरी वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ही आपल्याआधीच फॉरेनला जाऊन आली?" मी म्हटलं, "ही नाही, हिची बहीण."

तिकीट अगदी नावापुरतं. आम्हा सगळ्यांचं मिळून चहाच्या एका फेरीहून कमी. तरीही गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर बाहेरच थांबला. मुरूडकडचा पोरगा, गोरोबाकाकांच्या यात्रेला दर साली येणारा. "तुम्ही पाहून या मावशी, मी बसतो हितंच." तेच बाकडं, तेच बोलणं. मी काही बोलायच्या आत आमचे हे त्याच्याकडं गेले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल. मीबी एकदा असाच बाहेर बसलो होतो." आत मातीच्या बैलापाशी तो पोरगा थबकला. "काका, हे तर आमच्या पोळ्याच्या बैलावानीच हाय की." मग त्यानं भराभर फोटो काढायला फोन बाहेर काढला, पुन्हा स्वतःच खिशात ठेवला आणि आधी तिथल्या माणसाला विचारून आला.

नंतर त्रिविक्रमाचं देऊळ पाहिलं. विटांचं, मागून गोलाकार. मुळात बौद्ध चैत्य असावा असं अभ्यासक मानतात. मुलं दमली होती, ते थोडक्यात आवरलं. संग्रहालयाबद्दल एकच तक्रार आहे. एवढं मोलाचं सामान, पण लहान मुलांना वाचता येईल अशा सोप्या मराठीतल्या पाट्या मला आणखी हव्या होत्या. घरून वाचून गेलात तर दुप्पट दिसतं. वाचनालयातली ती दोन पुस्तकं नसती तर आम्ही अर्ध्या तासात बाहेर आलो असतो. त्यांच्यामुळं तीन तास रमलो.

म्हणजे आपल्याकडं पैशांचा अडसर फार थोडा आहे. अजिंठा-वेरूळचं तिकीट आपल्या माणसांना ४० रुपये, आणि पंधराच्या आतल्या लेकरांना पुरातत्त्व खात्याच्या सगळ्या तिकिटाच्या जागी मोफत. अडतं ते दुसरीकडंच. कुणी 'या' म्हणत नाही, कुणी तारीख धरत नाही. वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी, एवढं माहीत नसल्यामुळं माझ्या ओळखीतली दोन कुटुंबं बंद दारावरून परत आली आहेत.

लेक परत गेल्यावर मी ग्रंथपाल बाईंशी बोलले. पास देणं त्यांच्या हातात नाही. पण एक वही ठेवायला त्या लगेच तयार झाल्या. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'लेकरांना घेऊन कुठं जायचं'. पहिली वीस पानं तेरची. ढोकीला उतरून पुढं कसं जायचं, आत गेल्यावर आधी काय बघायचं, पाणी कुठं मिळतं, जायच्या आधी आपल्याच कपाटातली कोणती पुस्तकं न्यायची. पुढं वेरूळ, अजिंठा, सुट्टीचे वार ठळक. ही वही पुस्तकासारखीच कार्डावर घरी न्यायची, आठ दिवसांसाठी. नेताना शेवटच्या पानावर नाव आणि जायची तारीख लिहायची, ही माझी अट. तारीख लिहिल्याशिवाय वही मिळत नाही.

आतापर्यंत ती तीनदा बाहेर गेली. तिसऱ्यांदा परत आली तेव्हा तेरच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं बैलगाडी काढली होती, मागं कापडाचे गठ्ठे रचलेले, आणि खाली बालहातानं लिहिलं होतं, 'भडोच किती लांब आहे?' ग्रंथपाल बाई खोडरबर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्या हातातून तो काढून घेतला आणि आतल्या कपाटात नकाशाचं पुस्तक शोधायला गेले.