जुनी दारू-ड्रायव्हिंगची केस: क्लिअरन्सचा फॉर्म आत्ता भरावा की वर्षभर थांबावं?

भाचा अमेरिकन नागरिक आहे. संरक्षण कंत्राटदाराची ऑफर हातात, त्यासाठी सुरक्षा क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय सरकारी माहिती हाताळण्याची परवानगी लागते, पण पाठीशी दारू पिऊन गाडी चालवल्याची एक केस.

आत्ता भरा वा थांबा, तपासणीचा खर्च अर्जदाराला शून्य, ती सरकार करतं. मात्र स्वतःहून अर्ज करता येत नाही, पुरस्कर्ता, म्हणजे नोकरी देणारी कंपनी किंवा सरकारी खातं, लागतो. थांबलं तर ही ऑफर जाऊ शकते.

खरा मुद्दा पुराव्याचा. क्लिअरन्सच्या २०१७ पासूनच्या निकषांत अशी एकच घटना दोनदा तोलली जाऊ शकते: निकष 'जी' दारूसाठी, निकष 'जे' गुन्ह्यासाठी. गुन्ह्याच्या बाजूनं उलटलेला काळ आणि पूर्ण झालेलं प्रोबेशन (कोर्टानं ठरवलेला देखरेखीचा काळ) मदत करतं. दारूच्या बाजूनं नुसता काळ बरेचदा पुरत नाही. सवय बदलल्याचं दिसावं लागतं. समुपदेशन, उपचारांचे कागद, संयम. इथे वर्षभराचं थांबणं खरोखर कामी येतं.

लपवायला मात्र थांबू नये. क्लिअरन्सचा एसएफ-८६ फॉर्म दारूशी संबंधित आरोप आयुष्यात कधीही झाला का, असंच विचारतो. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रोबेशन संपलंय, पिणं सुटलंय किंवा आटोक्यात आहे, त्यानं आत्ताच भरावा, सगळं सांगून. खटला चालू किंवा पिणं तसंच असेल, त्यानं आधी उपचार घ्यावेत.