कॉइन मोड की ऑल मेटल? रत्नागिरीच्या पुळणीवर नाणी शोधताना

मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू शोधणारं मशीन, हातात घेण्याआधी एक करा. घरातली चार-पाच नाणी काढा आणि फ्रिजवरचं चुंबक त्यांच्याजवळ न्या. हल्लीचे एक आणि दोन रुपये चटकन चिकटतील. पाच रुपयांचं पिवळं नाणं चिकटणार नाही. आजीच्या डबीत १९४७ चा निकेलचा रुपया निघाला तर तोही चिकटेल, पण १९८० च्या सुमाराचा तांबं-निकेलचा रुपया नाही चिकटणार. मशीनचा कॉइन मोड (फक्त नाण्यांसारखे धातू ऐकवणारा) लावायचा की ऑल मेटल (प्रत्येक धातूवर वाजणारा), याचं निम्मं उत्तर या चुंबकातच आहे.

आपला स्टीलचा रुपया १९९२ पासूनचा. त्यात ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम. बाजारातल्या बहुतेक मशीनचा कॉइन मोड मात्र तांबं, चांदी आणि त्यांच्या मिश्रणांची परदेशी नाणी डोळ्यासमोर ठेवून बसवलेला असतो. त्याच्या लेखी लोखंड म्हणजे खिळा, आणि खिळा म्हणजे कचरा. मशीनच्या टोकाची चकती, म्हणजे कॉइल, जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे धातूत वीज फिरते, आणि तिचा प्रतिसाद किती मागे पडतो यावरून मशीन धातूचा आकडा दाखवतं. डिस्क्रिमिनेशन म्हणजे यातले नको ते आकडे गप्प करणं. कॉइन मोडमध्ये ही कात्री आधीच चालवलेली असते. आपण फक्त चालत राहतो आणि पायाखालचे रुपये मागे सोडत जातो.

मी पहिला पूर्ण हंगाम असाच घालवला. मग एका संध्याकाळी भाट्याच्या कोरड्या वाळूत हाताहाताच्या अंतरावर सहा वस्तू मांडल्या: स्टीलचा रुपया, तांबं-निकेलचा जुना रुपया, पिवळे पाच रुपये, अॅल्युमिनियमचे नागमोडी कडेचे दहा पैसे, बाटलीचा बिल्ला आणि गंजका खिळा. कॉइन मोडवर पाच रुपये स्वच्छ वाजले, दहा पैसेही वाजले. तांबं-निकेलचा रुपया मधल्या आकड्यांत आला, म्हणजे बरोबर त्या पट्ट्यात जिथे कॅनच्या कड्याही येतात. स्टीलच्या रुपयावर मशीन गप्प. ऑल मेटल लावल्यावर तोच रुपया दोन्ही बाजूंनी वाजला, फक्त आकडा एका जागी ठरेना. बिल्ल्याचंही तेच, कारण बिल्लाही चपटं पोलादच. तुमच्या मशीनवर आकडे वेगळे येतील, म्हणून ही मांडणी स्वतः करून आकडे वहीत लिहून ठेवा. पुस्तिकेपेक्षा त्या पानाचा उपयोग जास्त होतो.

ऑल मेटलची किंमत उघड आहे: आवाज. होड्यांचे खिळे, तारांचे तुकडे, बिल्ले, सगळं वाजतं. पहिल्या तासाला दहा खड्डे आणि हाती एखादं नाणं, हे धरूनच चाला. जाळ्यांची शिशाची वजनं तर दोन्ही मोडमध्ये नाण्याच्याच तोऱ्यात वाजतात, त्यांच्यापासून कुठल्याच सेटिंगने सुटका नाही. पण कान हळूहळू तयार होतो. खिळ्याचा आवाज बहुधा तुटका येतो आणि कॉइल आडवी फिरवून पुन्हा नेली की बदलतो किंवा पडतो. गोल नाणं सपाट पडलेलं असेल तर दोन्ही दिशांनी सारखंच बोलतं. शिवाय नाण्याशेजारी खिळा असला की कॉइन मोड खिळ्याला गप्प करताना नाणंही गिळून टाकतो. अशा जागी ऑल मेटल आणि रिकव्हरी स्पीड (एका वस्तूनंतर शेजारची दुसरी वेगळी ऐकण्याचा वेग) थोडा वाढवलेला, हीच जोडी कामाला येते.

आता जमीन, आणि खरी कसोटी इथेच आहे. रत्नागिरीत पांढरा समुद्र आणि काळा समुद्र ही नावं लहान पोरालाही माहीत. पांढऱ्या बाजूच्या कोरड्या वाळूत दोन्ही मोड सुखाने चालतात. मांडवीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजं असतात, आणि मशीन नाण्याआधी वाळूच ऐकू लागतं. वर सड्यावर (कातळाच्या पठारावर), जांभ्याच्या लाल मातीतही हाच त्रास. इथे मोडआधी ग्राउंड बॅलन्स हवा, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज मशीनला वगळायला लावणं. धातू नसलेली जागा शोधा, कॉइल जमिनीपासून चार बोटांवरून वीतभर उंचीपर्यंत खालीवर करा आणि आवाज एकसारखा होईतो जुळवा. पन्नास पावलांवर वाळूचा रंग बदलला की पुन्हा करा.

सेन्सिटिव्हिटी चढवली की मशीन खोल जातं, हा समज काळ्या वाळूत नडतो. चढवलेल्या मशीनची बडबड इतकी वाढते की वीतभर खोल नाण्याचा बारीक आवाज तीत बुडून जातो. बडबड थांबेपर्यंत उतरवा, मग एकच पायरी वर. मी तिथे निम्म्याच्याही खाली असतो, आणि नाणी तेव्हाच मिळू लागली.

ओहोटीच्या ओल्या पट्ट्यात एकाच फ्रिक्वेन्सीचं मशीन कुठल्याही मोडवर अडखळतं, कारण खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं. अनेक फ्रिक्वेन्सी एकदम वापरणारं मशीन आणि त्याचा बीच मोड हाच तिथला इलाज. अजून खरेदी व्हायची असेल आणि मुख्यतः किनाऱ्यावरच फिरणार असाल, तर पैसे तिथेच घाला.

मग निवड कशी करायची? सुट्टीत गणपतीपुळ्याला दोन संध्याकाळी पोरांबरोबर फिरायचं असेल तर कॉइन मोड लावा. भेळेच्या गाड्यांसमोरच्या कोरड्या वाळूत पाच रुपये सापडतील, पोरं खूश होतील. पण हे शिकायचंच ठरवलं असेल तर पहिल्या दिवसापासून ऑल मेटल घ्या आणि खिळ्यांचे तेवढे आकडे वहीत बघून एकेक करून गप्प करा. कॉइन मोडने लागलेली सवय नंतर मोडायला मला फार दिवस लागले. पावसाळा संपता संपता सुरुवात करा: लाटांनी वरची वाळू ओढून नेलेली असते आणि ती परत भरेपर्यंत नाणी हाताशी असतात.

जागा मात्र आधी ठरवा. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा ही संरक्षित स्मारकं आहेत, तिथे मशीन न्यायचंच नाही. वेळास, आंजर्ल्यासारख्या ठिकाणी हंगामात कासवं अंडी घालतात, त्या वाळूत खुरपं घालू नका. आणि जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. खणताना सुट्या रुपयांऐवजी चांदीच्या रुपयांची चवड लागली तर खुरपं तिथेच थांबवा.