क्लेको आणि त्याची पक्कड : घरी बांधलेल्या किट कारच्या आतल्या पत्र्यांसाठी

१९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स कार किटच्या, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांच्या, रूपातही विकली जात असे. तिच्या धाटणीच्या गाड्या ब्रिटनमध्ये हौशी मंडळी आजही आपल्या गॅरेजमध्ये बांधतात, आणि इथे राहून मीही तशीच एक बांधतो आहे. या गाडीत ट्रान्समिशन टनेलच्या, म्हणजे दोन आसनांमधल्या गिअरबॉक्स झाकणाऱ्या उंचवट्याच्या, बाजू, पायांजवळची जागा आणि आसनांमागची भिंत ॲल्युमिनियमच्या पत्र्याने झाकून तो पोलादी नळ्यांच्या सांगाड्याला रिव्हेटने जोडतात. या कामासाठी घेतलेल्या क्लेको नावाच्या तात्पुरत्या खिळ्यांविषयी आणि त्यांच्या पकडीविषयी मी मनापासून चांगले लिहितो आहे.

क्लेको हे मूळचे विमानबांधणीतले साधन आहे. पकडीने त्याचा दट्ट्या दाबला की टोकाचे दोन आकडे पुढे सरकून एकमेकांजवळ येतात आणि भोकातून सहज आत जातात. पक्कड सोडली की स्प्रिंग त्यांना मधल्या पट्टीवर मागे ओढते, ते फाकतात आणि पत्रा नळीला घट्ट धरून ठेवतात. रंगावरून माप कळते: रुपेरी क्लेको ३/३२ इंचाचा, तांब्याच्या रंगाचा १/८ इंचाचा, काळा ५/३२ इंचाचा आणि पितळी ३/१६ इंचाचा. आतल्या पत्र्यांना सहसा १/८ इंचाचे, म्हणजे ३.२ मिलिमीटरचे रिव्हेट लागतात, म्हणून तांब्याच्या रंगाचेच भरपूर घ्यावेत. निरनिराळ्या मापांचा मिश्र संच घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

खरा उपयोग कळतो तो टनेलच्या लांब पत्र्यावर. सगळी भोके एकदम पाडली तर ड्रिलच्या दाबाने पत्रा कणाकणाने सरकतो आणि शेवटची भोके नळीच्या कडेला जातात. त्याऐवजी मध्यभागी एक भोक पाडून क्लेको बसवावा, मग दोन्ही टोकांकडे सरकत दर तीन-चार भोकांमागे एक लावत जावे. पत्रा फुगत नाही. सगळा पत्रा असा बसला की तो पुन्हा काढता येतो, आणि हे काढणेच सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण भोकांभोवती उठलेली धार तासल्याशिवाय आणि ड्रिलचा चुरा पुसल्याशिवाय पत्रा नळीला पूर्ण टेकत नाही. ॲल्युमिनियम आणि पोलाद थेट भिडले तर हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या पाण्याने गंज लवकर धरतो, त्यामुळे मध्ये पॉलियुरेथेन सीलंटचा, म्हणजे फट बुजवणाऱ्या लेपाचा, थर हवाच. तो लावल्यावर पत्रा क्लेकोंच्या आधाराने नेमक्या त्याच जागी परत बसतो; मोकळ्या भोकांत रिव्हेट मारायचे आणि शेवटी एकेक क्लेको काढून तिथेही रिव्हेट मारायचा. काढलेला क्लेको लगेच स्पिरिटने पुसावा, नाहीतर वाळलेल्या सीलंटने त्याचे आकडे अडकतात.

मर्यादाही आहेत. क्लेको पत्र्याबाहेर बराच वर राहतो आणि पकडीलाही जागा लागते, म्हणून पेडलच्या बाजूच्या अरुंद कोपऱ्यात तो लावणे कठीण जाते. स्प्रिंगचा जोर माफक असतो. वाकवलेला पत्रा नळीवर खेचून बसवायचा असेल तर पंखाच्या नटाचे (विंग नट फिरवून आवळायचे) क्लेको घ्यावेत. ते लावायला वेळ लागतो, पण पकड जास्त असते. मी असे थोडेच घेतले, आणि टनेलच्या वळणावर तेवढे पुरले.