सेव्हिया की ग्रानादा: संध्याकाळी कुठे असावं?

दक्षिण स्पेनसाठी पाच-सहा दिवस काढले की मुक्कामाच्या रात्री दोन शहरांत कशा वाटायच्या, हा प्रश्न येतोच. दिवसा काय बघायचं ते तुम्ही एव्हाना ठरवलं असेल, त्यामुळे कॅथेड्रल, सेव्हियाचा आल्कासार राजवाडा, ग्रानादाची अल्हाम्ब्रा ही राजवाड्यांची गढी यांची ओळख इथे करून देत नाही. इथे विचार फक्त संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंतचा. दोन्ही शहरं जुनी, दोन्ही देखणी, दोन्हीकडे फ्लामेन्कोचं नाच-गाणं आणि तापास, म्हणजे पेयाबरोबर खायच्या छोट्या बशा. तरी रात्र काढायची म्हटलं की दोघांचा स्वभाव अगदी वेगळा.

आधी घड्याळाचं. स्पेन नकाशावर इंग्लंडच्या खाली येतो, पण १९४० पासून वेळ मात्र मध्य युरोपाची पाळतो. त्यामुळे जूनअखेरीस सेव्हियात सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो, ग्रानादात दहाएक मिनिटं आधी. दुपारी चारच्या आसपास थंडावलेली स्वयंपाकघरं रात्री आठ-साडेआठशिवाय पेटत नाहीत. आपल्याकडची मंडळी सात वाजताच भुकेली होतात, आणि त्या वेळी जे उघडं सापडतं ते बहुधा दारात पदार्थांचे फोटो लावलेलं, पर्यटकांपुरतं चालणारं ठिकाण असतं. तिथे पोट भरलंत तर पुढची संध्याकाळ वाया गेली म्हणून समजा. दुपारी अडीचला व्यवस्थित जेवायचं, सहाला कॉफीबरोबर ऑलिव्ह तेल आणि किसलेला टोमॅटो लावलेला भाजका पाव खायचा, आणि मग नऊपर्यंत हिंडायचं. दोन्ही शहरांत हेच वेळापत्रक लागू पडतं.

ग्रानादाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे रात्रीची अल्हाम्ब्रा, आणि तिला सेव्हियाकडे तोड नाही, हे आधीच मान्य करून टाकतो. १ एप्रिल ते १४ ऑक्टोबर या काळात मंगळवार ते शनिवार रात्री १० ते ११.३० अल्हाम्ब्रातले नासरी या मुस्लिम घराण्याचे राजवाडे उघडे असतात. उरलेल्या महिन्यांत फक्त शुक्रवारी आणि शनिवारी, ८ ते ९.३०. मेंदीच्या अंगणातला लांबट हौद वारा नसेल तर आरशासारखा होतो आणि ४५ मीटर उंचीचा कोमारेस बुरूज त्यात उलटा उभा राहतो. भिंतींवरच्या गिलाव्याचं कोरीवकाम दिवसाच्या सपाट उजेडात गुळगुळीत वाटतं. रात्री खालून तिरका प्रकाश पडतो आणि त्यात कोरलेल्या प्रत्येक अरबी अक्षराच्या कडेला सावली धरते. राजदूतांच्या दालनाचं लाकडी छत मात्र अंधारात हरवतं. ते आठ हजारांहून अधिक तुकड्यांचं आहे आणि ते पाहण्यासाठी दिवसाचंच तिकीट हवं.

या भेटीत चुका ठरावीक होतात. तिकीट नावावर असतं, पासपोर्ट मूळच लागतो. रात्रीच्या राजवाड्यांच्या तिकिटात आल्कासाबा किल्ला येत नाही आणि हेनेरालिफे बागेचं रात्रीचं तिकीट वेगळं असतं. तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते आणि ती चुकली की आत सोडत नाहीत. पुष्कळ जण हेनेरालिफेच्या बाजूच्या मुख्य तिकीटघराशी उतरतात आणि तिथून राजवाड्याच्या दारापर्यंत दहा-पंधरा मिनिटं अंधारात चालावं लागतं. प्लासा नुएवाहून गोमेरेसचा चढ धरून ‘न्यायाच्या दरवाज्या’ने आत शिरलं की हे टळतं. वीस मिनिटांचा चढ आहे, झाडीतला आहे, दम लागतो पण रस्ता सोपा आहे.

मोठी अडचण यानंतर सुरू होते. उन्हाळ्यात दहाच्या ठोक्याला आत, सव्वाअकराला बाहेर, आणि खाली उतरेपर्यंत स्वयंपाकघरं आवरायला लागलेली. म्हणजे जेवण आधी उरकायला हवं. पण ते साडेआठशिवाय मिळत नाही आणि साडेनऊला चढ सुरू करायचा असतो. या तासाभरात ग्रानादाचे तापास ‘अनुभवणं’ होत नाही, दोन घास घशाखाली ढकलणं होतं. ज्यांना राजवाडे रात्री बघायचेच आहेत त्यांनी ती रात्र त्यांच्यासाठीच ठेवावी, दुसरं काही जोडू नये.

बाहेरून अल्हाम्ब्रा बघायची तर समोरच्या आल्बायसिन या जुन्या वस्तीतला सान निकोलासचा कट्टा सर्वांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच सूर्यास्ताला तिथे उभं राहायला जागा नसते. गर्दीत पाठीवरची पिशवी पोटावर घ्या. खरा देखावा सूर्य गेल्यानंतर अर्ध्या तासाने असतो, तांबड्या भिंतींवर दिवे लागतात आणि मागचं आकाश अजून निळं असतं तेव्हा. फोटो काढून लोक पांगतात, त्या वेळी जागा आपोआप मिळते. गर्दी नकोच असेल तर खाली कार्वाखालेसचा छोटा चौक बघा. समोर तीच अल्हाम्ब्रा आणि शेजारी दोन-चार माणसं.

साक्रोमोन्ते टेकडीच्या गुहांतला फ्लामेन्को हाही ग्रानादाचाच. पांढरा चुना मारलेली बुटकी लांबट गुहा, छताला लटकलेली तांब्याची भांडी, दोन्ही भिंतींना लावलेल्या खुर्च्या, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत नाचणारी बाई तुमच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. इथल्या साम्ब्रा या प्रकारात आल्बोरेआ, काचुचा आणि मोस्का असे तीन नाच येतात, ते रोमा लोकांच्या लग्नविधीतून आलेले आहेत. आवाज भिंतींवर आपटून अंगावर येतो. शेवटच्या खुर्चीत बसलात तर समोरच्यांच्या माना तेवढ्या दिसतील, म्हणून वीस मिनिटं आधी पोचावं. बहुतेक जण हॉटेलपासून नेणारी-आणणारी गाडी धरून तिकीट काढतात. सोय होते, पण येण्याची आणि जाण्याची वेळ गाडीवाल्याची.

आता मुख्य मुद्दा. ग्रानादाचं नाव काढलं की प्रत्येक जण सांगतो, ‘तिथे तापा फुकट!’ खरं आहे. बिअर, वाइन किंवा थंड पेय मागवलं की सोबत एक बशी येते, दुसऱ्या पेयाबरोबर दुसरी येते आणि बहुधा पहिलीपेक्षा बरी असते. नावास रस्ता, रेआलेखो वस्ती, एल्विरा रस्ता सगळीकडे हाच रिवाज. दारू न घेणाऱ्यांनी ‘मोस्तो’ मागवावा. तो द्राक्षांचा बिनदारूचा रस असतो आणि त्यावरही तापा मिळतो. बार हा शब्द ऐकून बिचकायचं कारण नाही, तिथे नातवंडांना घेऊन आजी-आजोबाही बसलेले असतात.

पण फुकट असल्यामुळे बशीत काय यायचं ते बारवाला ठरवतो. आणि तो बहुतेक वेळा हॅम ठरवतो, नाहीतर चोरिसो हे डुकराच्या मांसाचं सॉसेज, नाहीतर मांसाचे गोळे किंवा तळलेली मासळी. दोन शाकाहारी आणि दोन मांसाहारी अशी चौकडी असेल तर दर फेरीला तीच वाटाघाट. ‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून भागत नाही, कारण अनेकांच्या लेखी ट्यूना आणि हॅमचे बारीक तुकडे ‘मांस’ या सदरात येतच नाहीत. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ (मांस नको, हॅम नको, मासे नकोत) असं एकेक नाव घेऊन सांगावं लागतं. मग चीजचे दोन काप येतात, पुढच्या ठिकाणी परत चीज, तिसऱ्या ठिकाणी बटाट्याचं आम्लेट. वरवर बटाटा-अंड्याची वाटणारी कोशिंबीर ट्यूना घातलेली निघते, आणि क्रोकेता हा तळलेला गोळा फोडल्यावर आत हॅम सापडतं. यादीतून तापा निवडू देणारे बार ग्रानादात आहेत, उसाच्या काकवीतली तळलेली वांगी तर बहुतेक ठिकाणी विकत मिळतात आणि ती सुरेख लागतात. पण निवडून विकतच घ्यायचं ठरलं की ग्रानादाच्या त्या प्रसिद्ध रिवाजाचा फायदा उरत नाही. मांसाहारी मंडळींना हे किरकोळ वाटेल, आणि त्यांच्यापुरतं ते किरकोळच आहे. माझं पारडं मात्र याच एका गोष्टीने फिरलं.

सेव्हियात तापा विकतचा. एकेक साधारण ३ ते ५ युरो, आणि दोघांना चार-पाच पुरतात. एकच पदार्थ तीन मापांत मिळतो: तापा, मेदिया रासिओन (अर्धी बशी) आणि रासिओन (पूर्ण बशी). काही ठिकाणी तापा फक्त काउंटरवर उभ्याने देतात, टेबलाशी बसलात की मोठं मापच घ्यावं लागतं आणि पावाचे पैसे वेगळे लागतात. बसण्याआधी विचारून घ्या.

आणि सेव्हियाचा स्वतःचा म्हणावा असा पदार्थच शाकाहारी आहे: एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, म्हणजे पालक आणि काबुली चणे. ऑलिव्ह तेलात लसूण आणि पाव तळून घेतात, त्याचं व्हिनेगर घालून वाटण करतात, आणि जिरं, लाल पाप्रिका घालून त्यात पालक आणि शिजलेले चणे घोटतात. चमचा उभा राहील इतपत दाट. पहिल्या घासाला आपल्या डाळ-दाणे घातलेल्या पातळ भाजीची आठवण होते. बेसनाचं काम इथे तळलेल्या पावाचं वाटण करतं. सांता कातालिना चर्चजवळच्या ‘एल रिंकोन्सियो’त तो खावा. हा बार १६७० पासूनचा आहे आणि तिथे तुमचा हिशोब अजून लाकडी काउंटरवरच खडूने लिहितात. एकेक बशी आली की आकडा वाढतो. पैसे दिले की हाताने पुसून टाकतात. सालमोरेखो हे टोमॅटो-पावाचं दाट थंड सूपही मागवा, पण ‘सिन हामोन’ म्हणा, नाहीतर वर हॅम पेरून येतो. उकडलेलं अंडंही वर असतं, ते चालत नसेल तर तेही सांगा.

फ्लामेन्कोच्या बाबतीत सेव्हियाची सोय अशी, की जुन्या वाड्यांच्या चौकांत तासाभराचे प्रयोग संध्याकाळी दोन-तीनदा होतात. कूना रस्त्यावरचं ‘कासा दे ला मेमोरिया’ किंवा क्रिस्तिना ओयोस यांनी स्थापन केलेलं फ्लामेन्को नृत्य संग्रहालय ही खात्रीची ठिकाणं. जेवणासकट विकलेला प्रयोग टाळा. ताटांच्या खणखणाटात पदन्यास ऐकू येत नाही आणि जेवणही बेताचंच असतं. जागा निवडताना नाचणाऱ्यांची पावलं दिसतील अशी निवडा. तालाची जाण असलेल्यांसाठी एक खूण सांगतो: सोलेआ हा प्रकार १२ मात्रांच्या आवर्तनात चालतो आणि जोर ३, ६, ८, १०, १२ वर पडतो. आपल्या एकतालाइतक्याच मात्रा, पण वजन सगळं निराळं. टाळ्या वाजवणाऱ्यांकडे दोन मिनिटं लक्ष दिलं की आवर्तन सापडतं आणि पुढचा सगळा प्रयोग उलगडत जातो. गुहेतली जवळीक इथे नाही, हे खरं. पण नाच आणि गाणं निवांत ऐकू-पाहू द्यायला या चौकांइतकी चांगली जागा मला दुसरी ठाऊक नाही.

बाकी संध्याकाळ पायांवर सोडावी, शहर सपाट आहे. प्लासा दे एस्पान्याची १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेली अर्धगोल इमारत नदीकडे तोंड करून आहे, त्यामुळे उतरतं ऊन थेट तिच्या फरशांवर पडतं. तिथे शेवटचा उजेड गाठा. मग १८५२ च्या लोखंडी पुलावरून नदीपलीकडच्या त्रियाना वस्तीत जा आणि बेतिस रस्त्याच्या काठावर बसा. समोर नदीपलीकडे बारा बाजूंचा तोर्रे देल ओरो बुरूज आणि त्यामागे हिराल्दा हा कॅथेड्रलचा मनोरा. उशिरापर्यंत जागायचं असेल तर आलामेदा दे एर्कुलेस हा बारांनी वेढलेला चौक, पण तिथे अकराआधी रंग चढत नाही.

सेव्हियाविरुद्धचा एक मुद्दा मात्र जड आहे: ऊन. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचा पारा ४० च्या वर जातो आणि रात्री दहालाही दगड तापलेलेच असतात. ग्रानादा सातशे मीटर उंचीवर, रात्री हवा उतरते, मागे सिएरा नेवादाचे डोंगर. त्या दोन महिन्यांत जाणार असाल तर माझं म्हणणं बाजूला ठेवा आणि ग्रानादाला रात्री वाढवा. उलट डिसेंबर-जानेवारीत ग्रानादाची रात्र शून्याजवळ पोचते आणि अल्हाम्ब्राची अंगणं उघडी असतात. बरोबर आई-बाबा असतील तर तेव्हा सेव्हियाच बरं. आल्बायसिनचे चढ आणि गोटे बसवलेल्या गल्ल्या दुखऱ्या गुडघ्यांना एरवीही सोसत नाहीत.

एप्रिल, मे किंवा ऑक्टोबर असेल, तीन रात्री असतील आणि गटात एक जरी शाकाहारी असेल, तर दोन सेव्हियाला आणि एक ग्रानादाला, अशी वाटणी मला योग्य वाटते. बसने साधारण तीन तास लागतात, त्यामुळे ग्रानादा एका दिवसात उरकून परत यायच्या फंदात पडू नका, संध्याकाळ रस्त्यातच जाते. त्या एका रात्रीसाठी राजवाड्यांचं तिकीट दुपारी उशिराचं घ्या. बाहेर पडल्यावर बस न धरता रेय चिकोच्या उतारानं खाली पासेओ दे लोस त्रिस्तेसला उतरा, दार्रो नदीच्या काठी थोडं टेका आणि उजेड जायच्या आत कार्वाखालेसला चढा. बूट रबरी तळाचे घाला. त्या उतारावर आणि गोट्यांवर चामडी तळवा घसरतो.