ड्रुइड लेव्हल करून देतो म्हणाला आणि ११,९४९ रुपये घेऊन गेला

११,९४९ रुपये. यातला एकही रुपया रमीत, सट्ट्यात किंवा लॉटरीत गेलेला नाही, हे आधी लिहून ठेवतो. कारण हे वाक्य मी बँकेत, पोलीस ठाण्यात आणि घरी बायकोसमोर इतक्यांदा म्हटलंय की आता झोपेतही म्हणेन. पैसे गेले ते ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ या ऑनलाइन गेममधला माझा ड्रुइड (प्राण्यांची रूपं घेणारं पात्र) २२ वरून ४० लेव्हलला नेऊन देतो म्हणणाऱ्या एका भामट्याच्या घशात.

बूस्टिंगची, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्याचं पात्र वर चढवून देण्याची, फसवणूक कशी चालते ते तुम्हाला ठाऊक आहे. ॲडव्हान्स, थोडं खरं काम, आणखी पैसे, मग ब्लॉक. मलाही ठाऊक होतं. तेव्हा ‘एवढा शिकलेला माणूस आणि…’ हे कृपा करून ऐकवू नका, ते घरी पोटभर ऐकून झालंय.

ज्यांनी ड्रुइड कधी खेळलेला नाही त्यांना वाटतं, पैसे मोजण्याइतकं काय अवघड आहे त्यात. पहिल्या दहा लेव्हल रूपबिप काही नसतं, लांबून राथ आणि मूनफायर हे मंत्र मारत बसायचं. दहाला मूनग्लेडला जाऊन अस्वलाच्या आत्म्याची गाठ घ्यायची, मग लुनाक्लॉला मारायचं, तेव्हा कुठे अस्वल होता येतं. दहा ते वीस हे अस्वल मरत नाही हे खरं, पण मारतही नाही. एकेका रानडुकराशी झोंबाझोंबी चाललेली असते आणि शेजारून एखादा हंटर (शिकारी पात्र) चहा पीत पीत चार मारून पुढे जातो. सोळाला पाण्यातल्या रूपासाठी पदकाचे दोन अर्धे तुकडे शोधायचे, दोन्ही पाण्याखाली आणि दोन वेगळ्या मुलखांत. विसाला मांजर मिळतं, तिथे खरा ड्रुइड सुरू होतो. तिसाला धावायचं रूप, चाळिसाला मोठं अस्वल, घोडा (माझ्या नाइट एल्फच्या बाबतीत वाघ) आणि इनर्वेट हा मंत्र. हे सगळं मला तोंडपाठ आहे. यातली विसाची आणि दहाची गोष्ट ध्यानात ठेवा.

त्यात हा वर्ग, म्हणजे पात्राचा हा प्रकार, सगळ्यांचा सालगडी. टँक (मार अंगावर घेणारा) मेला की ‘अरे, अस्वल हो’, हीलरचं (बरं करणाऱ्याचं) नेट गेलं की ‘अरे, बरं कर’, आणि सगळं सुरळीत असलं की ‘तू डॅमेज फारच कमी करतोस’. तिन्ही कामांना वेगवेगळे कपडे लागतात, त्यामुळे पिशव्या कायम भरलेल्या. एवढं करून क्लासिकमध्ये ड्रुइडला लढाई संपल्यावर मेलेल्याला उठवता येत नाही. लढाईतलं रीबर्थ आहे, पण तेही अर्ध्या तासात एकदाच. म्हणजे शिव्या खायला पहिला मान आमचा.

माझे जुने मित्र साठ लेव्हलला पोचून मोल्टन कोअर ही मोठी मोहीम करत होते. चाळीस जणांच्या त्या गर्दीत ड्रुइडची जागा रिकामी होती आणि ती माझ्यासाठी धरून ठेवली होती. माझी रात्रपाळी, मुलगी पहिलीत, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. बसणार कधी? माणूस स्वयंपाकाला बाई ठेवतो, गाडी धुवायला पोरगा ठेवतो, तसं हे. खातं दुसऱ्याच्या हाती देणं गेमच्या नियमांत बसत नाही हेही मला माहीत होतं. पण आमच्या गिल्डमध्ये (गेममधल्या आमच्या गटात) निम्म्या लोकांच्या पात्रांना कुणी ना कुणी हात लावलेला आहे, उगाच सोवळं कुणी पाळू नये. गेममधलं गोल्ड घेऊन डंजनमध्ये (राक्षसांनी भरलेल्या तळघरात) बूस्ट देणारे मेज, म्हणजे जादूगार पात्रं, असतात, आपण दाराशी उभं राहायचं आणि तो सगळं मारणार. पण २२ लेव्हलच्या ड्रुइडच्या खिशात गोल्ड कुठून येणार?

हा माणूस डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर भेटला. भारतीय खेळाडूंच्या एका ग्रुपमध्ये ‘ड्रुइड स्पेशालिस्ट, यूपीआय चालेल’ अशी जाहिरात होती. बाकीचे बूस्टर डॉलरमध्ये पैसे मागतात, हा रुपयांत बोलला, तेवढ्यानेच आपला वाटला. बोलायला गोड. मला ‘सर’ म्हणायचा, मग ‘भाई’, मग ‘दादा’. भाव ठरला ७,७००, त्यातले ३,५०० आधी. क्यूआर स्कॅन केला तर कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव आलं. विचारलं तर म्हणे, मामाचं दुकान आहे. यूपीआयवर जे नाव दिसतं ते बँकेत नोंदवलेलं असतं. समोरच्याने सांगितलेलं नाव आणि ते नाव जुळत नसेल तर पिन टाकू नका, मग तो मामा असो नाहीतर मामाचा मामा.

पहिल्या रात्री लॉगिनची परवानगी माझ्या मोबाइलवर आली, मी मंजूर केली. दुसऱ्या रात्री पुन्हा. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, दादा, तुम्ही कामात असता, माझा वेळ जातो, ऑथेंटिकेटर (मोबाइलवरून मंजुरी मागणारं ते कुलूप) तेवढा काढून टाका, चाळीस झाले की परत लावा. आणि मी काढला. यावर मला लोकांनी खूप सुनावलंय. पण तोवर ड्रुइड २७ ला पोचला होता, मी स्वतः पाहिला होता, ॲशनव्हेलमध्ये मांजर होऊन फिरत होता. काम करणाऱ्यावर संशय कशाला घ्यायचा? त्याच संध्याकाळी उरलेले ४,२००ही पाठवले, कारण ‘अर्धं काम झालं, आता पूर्ण पेमेंट’ ही त्याची अट आधीपासूनच होती.

आता ज्यासाठी लिहायला बसलोय ते.

रात्री कामाच्या कॉलवर होतो, माइक म्यूट. त्याचा मेसेज आला: ‘भाई, ड्रुइड के लिए मस्त तलवार मिली है ऑक्शन हाउस में, गोल्ड कम पड़ रहा है.’

तलवार.

क्लासिकमध्ये ड्रुइडला तलवार धरताच येत नाही. काठी, गदा, खंजीर आणि मुठीत घालायची शस्त्रं, बस्स. कितीही गोल्ड घेऊन प्रशिक्षकाकडे गेलात तरी तो शिकवणार नाही. आणि धरता आली असती तरी उपयोग काय? मांजराच्या रूपात हातातल्या शस्त्राचं डॅमेज मोजलंच जात नाही, पंजे मारतात. शस्त्रावर ताकद-चपळाई लिहिलेली असेल तेवढीच कामाची. म्हणून तर जाणते ड्रुइड नोमरेगन या डंजनच्या फेऱ्या मारमारून तिथली ती हल्ल्याचा वेग पन्नास टक्क्यांनी वाढवणारी गदा जमवतात. तीन वापरांत ती निकामी होते, तरी जमवतात. ड्रुइडला तलवार घेऊ म्हणणारा माणूस ड्रुइड स्पेशालिस्ट तर नाहीच, त्याने तो वर्ग धड उघडूनसुद्धा पाहिलेला नाही. २२ ते २७ बहुधा एखाद्या बॉटने (आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रॅमने) केले असणार.

मेसेज मी वाचला. ‘तलवार?’ असं मनात आलंसुद्धा. तेवढ्यात कॉलवर मॅनेजरने माझं नाव घेतलं. उत्तर देऊन परत आलो तेव्हा डोक्यात एवढंच उरलं होतं की गोल्ड कमी पडतंय. वाटलं, सगळ्याच हत्यारांना तलवार म्हणायची सवय असेल. १,७५० रुपये पाठवले. तो एक शब्द तिथेच धरला असता तर पासवर्ड बदलायला दोन मिनिटं पुरली असती. पुढचं रामायण झालंच नसतं. अजूनही भांडी घासताना मध्येच आठवतं आणि घासणी आपटावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी खात्याचा ईमेल बदललेला. त्या खात्यात हा ड्रुइडच नव्हता, माझा ६० लेव्हलचा हंटर होता, कित्येक वर्षांचं सामान होतं. याचं म्हणणं, ‘सिस्टीमने लॉक केलंय, अनलॉक फी २,४९९.’ ते का दिले म्हणाल? घराची किल्ली चोराच्या हातात असताना तत्त्वज्ञान सुचत नाही. दिले. ग्रुपमधून मला काढलं, स्वतःचं खातं उडवलं, विषय संपला. गेमच्या कंपनीला ओळखपत्र पाठवून खातं मी परत मिळवलं. आत गेलो तर हंटर अंगावर कपडेही नसलेला, गोल्ड शून्य, आणि ड्रुइड तिथेच, २७ ला. नियम मोडून आपणच किल्ली दिलेली, तिथे भांडायला तोंड नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पण बँकेत भांडलो, आणि तिथे माझा हक्क होता. आधी कस्टमर केअर: एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा, मग संगीत. मग एक बाई म्हणाल्या, व्यवहार तुमच्याच पिनने झालाय, ‘ऑथोराइज्ड’ आहे. शाखेत गेलो तर तिथल्या साहेबांनी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक तोंडावर मारलं, ग्राहकाने गुप्त माहिती दुसऱ्याला दिली तर नुकसान ग्राहकाचं. मी म्हटलं, अहो, मी बँकेचा पासवर्ड दिलेला नाही, अस्वलाचा दिलाय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढची पाच मिनिटं माझी तब्येत विचारण्यात गेली. पैसे ज्या खात्यात गेले ते तरी गोठवा म्हटलं, तर म्हणे पोलिसांचं पत्र आणा.

पोलीस ठाण्यात म्हणे बँकेचं पत्र आणा.

तिथला संवाद जसाच्या तसा देतो. ‘कसला गेम?’ ‘ऑनलाइन आहे साहेब.’ ‘रमी?’ ‘नाही साहेब, पैसे लावायचा नाही. त्यात ड्रुइड असतो, तो अस्वल होतो, मांजर होतो…’ ‘मांजर होतो?’ शेजारच्या टेबलावरचा हवालदार खुर्ची ओढून ऐकायला आला. मग मोठे साहेब म्हणाले, ऑनलाइन गेमवर आता बंदी आली ना, तक्रार केलीत तर तुम्हीच अडकाल. २०२५ चा तो कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांसाठी आहे, महिन्याची वर्गणी भरून खेळायच्या गेमसाठी नाही, हे मी मोबाइलवर काढून दाखवलं. त्यावर ‘तुम्ही वकील आहात का?’ मग सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्याच ठाण्यात द्या. परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्ताला. परत गेलो, तर म्हणे आरोपी बहुधा परराज्यातला, आपली हद्द नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी खबर घ्यावी लागते. तेही दाखवलं. फसवणुकीची कलमं, न्याय संहितेचं ३१८(४) आणि आयटी कायद्याचं ६६-ड, अर्जात आधीच लिहून नेलं होतं. साहेबांनी अर्ज उलटा धरून पंख्यासारखा हलवला आणि म्हणाले, ‘बारा हजारांसाठी एवढं? पोरांचे खेळ सोडा आता, वय काय तुमचं?’ माझं वय आणि माझे पैसे यांचा संबंध काय, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. एखाद्याचे बारा हजार भिशीत बुडाले असते तर त्याला वय विचारलं असतं का? चोर मोकळा, आणि उलटतपासणी माझी!

तुमच्यावर वेळ आली तर आधी ठाण्यात पळू नका. पैसे गेल्याचं कळलं त्या मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात जायच्या आत कळवलं तर गोठवता येण्याची शक्यता असते. मी आधी त्या भामट्याशीच घासाघीस करत बसलो, त्यात रात्र गेली. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक आणि डिस्कॉर्डवरचं बोलणं लगेच जपून ठेवा, समोरचा स्वतःचे मेसेज उडवतो. आणि अर्जात ‘गेम’ हा शब्द पहिल्या ओळीत घालू नका, शपथ. ‘ऑनलाइन सेवा देतो सांगून पैसे उकळले’ एवढंच लिहा. अस्वल पान दोनवर आणा.

ऑथेंटिकेटर काढा म्हणणारा चोर. ‘अनलॉक फी’ म्हणणारा चोर. गोल्ड रुपयांत विकणारा तर आहेच.

परवा दुसऱ्या ग्रुपमध्ये तेच चित्र, तीच ‘ड्रुइड स्पेशालिस्ट’ जाहिरात, नाव नवं. मी नवख्यासारखं विचारलं, मांजराचं रूप कितव्या लेव्हलला मिळतं? ‘दस पे, भाई.’ स्क्रीनशॉट काढून अर्जाला जोडायला ठाण्यात गेलो. कागद घेतला, पोच दिली नाही, झेरॉक्सचे पाच रुपये माझेच.