साडेसहाशेचा ओबीडी स्कॅनर: ८० च्या स्पीडला गाडी मिसिंग मारत होती, याने नेमका सिलिंडर दाखवला

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलिंडर, ९२ हजार किलोमीटर झालेली. ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनवर दाखवणारी वस्तू; माझा तो निळा, काडेपेटीएवढा ब्लूटूथवाला, ऑनलाइन साडेसहाशेला पडला, वर कुठल्याच कंपनीचं नाव नाही, नुसतं ईएलएम ३२७ (आतल्या चिपचं नाव) लिहिलंय. दोन महिने वापरल्यावर लिहून राहिलो, कारण घेताना मी जे रिव्ह्यू वाचले त्यात सगळे "कोड दिसतात, मस्त आहे" एवढंच लिहून मोकळे झाले होते आणि माझ्या गाडीत तर कोडच (गाडीचा कॉम्प्युटर नोंदवतो तो दोषाचा नंबर) नव्हता.

आधी त्रास काय होता ते सांगतो. मी दर शनिवारी नागपूरहून वर्ध्याला जातो, आई तिकडे असते, तिला कधी दवाखान्यासाठी इकडे आणायचं तर कधी नुसतं भेटून यायचं. अजनीकडून डबल डेकर उड्डाणपूल धरायचा, मग खापरी, जामठा, बुटीबोरी आणि तिथून केळझर, सेलू करत वर्धा. शहरात गाडीला काहीच नाही. पण बुटीबोरी सोडून पाचव्या गिअरमध्ये ७५-८५ वर एकसारखी चालवली की मधेच एक बारीक उचकी, पायाखाली जाणवेल न जाणवेल अशी, मग दोन किलोमीटर काही नाही, मग परत दोनदा लागोपाठ. जरासा चढ आला किंवा पूल आला आणि ॲक्सिलरेटर थोडासाच दाबला की हमखास. बाजूला बसलेल्या माणसाला कळायचंही नाही. आई मात्र एकदा म्हणाली, "काहून रे, गाडी ठेचकाळून राहिली का?" तेव्हा मला पटलं की माझ्या मनाचा खेळ नाही.

टायरचा थरथराट असेल म्हणून व्हील बॅलन्सिंग करून झालं होतं, फरक शून्य. हे घरच्या घरी ओळखता येतं, मला नंतर कळलं: टायरचं असेल तर क्लच दाबून गाडी तशीच सोडली तरी थरथर चालूच राहते, आणि इंजिनचं असेल तर क्लच दाबताच बंद.

मग एका सर्व्हिस सेंटरला दिली. त्यांनी कॉम्प्युटर लावला, कोड नाही, कॉलनीतल्या रस्त्यावर दोन चकरा मारल्या आणि सांगितलं, साहेब हे ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे होतंय, जुन्या गाड्यांना होतंच, आपण थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर क्लीनिंग करून घेऊ. ३८०० रुपये दिले. पुढच्या शनिवारी बुटीबोरीच्या पुढे तीच उचकी. मला पैशापेक्षा याचं वाईट वाटलं की मी तीनदा सांगितलं, भाऊ ही ८० ला होते, हायवेवर चला माझ्यासोबत, मी पेट्रोल टाकतो, आणि कोणी आलं नाही. जो त्रास ८० ला होतो तो ३० च्या स्पीडने कॉलनीत फिरून कसा सापडेल?

तर स्कॅनर. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वरच्या बाजूला १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायचं, इग्निशन ऑन करायचं, फोनच्या ब्लूटूथला जोडायचं, पिन १२३४. ॲप मी कार स्कॅनर वापरलं, फुकटवालंच. आयफोनवाल्यांनी हा साधा ब्लूटूथवाला घेऊ नका, जोडला जात नाही, तुम्हाला वायफायवाला किंवा ब्लूटूथ एलई वाला पाहिजे.

पहिल्या रात्री कोड वाचले तर "नो फॉल्ट". सर्व्हिस सेंटरवाले त्याबाबतीत खरं बोलले होते. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) मोजतो पण प्रमाण ठराविक हद्दीच्या वर गेल्याशिवाय कोड टाकत नाही, आणि चेक लाईट लावायला साधारणपणे लागोपाठ दोन ट्रिपमध्ये तोच दोष दिसावा लागतो. माझी उचकी त्या हद्दीच्या खालीच होती. म्हणून पी ०३०० (म्हणजे कुठलाही सिलिंडर) किंवा पी ०३०१ ते पी ०३०४ (शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडर नंबर) यातलं काहीच नाही.

पण ॲपमध्ये खोल शिरलं की मोड ०६ चं पान असतं, मॉनिटर टेस्टचे निकाल, तिथे लोक जातच नाहीत कारण नुसते आकडे आणि किचकट नावं. त्यात खाली "मिसफायर सिलिंडर १ डेटा, सिलिंडर २ डेटा" अशा ओळी असतात आणि प्रत्येकात दोन आकडे, एक मागच्या १० ट्रिपांची सरासरी आणि एक चालू ट्रिपचा. मी वर्ध्याला पोचल्यावर इंजिन बंद न करता, आईच्या दारासमोर गाडीत बसूनच ते पान उघडलं. पहिला शून्य. दुसरा शून्य. तिसरा ६१. चौथा शून्य. मी तसाच बघत बसलो. गाडी इतके दिवस स्वतः मोजून ठेवत होती आणि आम्ही सगळे अंदाज मारत होतो.

आणि इथेच ई-२० चा विषय माझ्यापुरता संपला. इथेनॉलमध्ये एनर्जी कमी असते, जुन्या गाडीत मायलेज थोडं पडतं, फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त सोडतो तो आकडा) प्लसमध्ये जातो, हे सगळं खरं आहे, माझ्याही गाडीत ट्रिम ७-८ टक्के प्लस दाखवतच होता. पण पेट्रोल चारही सिलिंडरला एकाच टाकीतून, एकाच रेलमधून जातं ना, मग पेट्रोलचा दोष असता तर एकट्या तीन नंबरनेच का रडावं? ट्रिमचं अजून एक बघितलं: कुठून हवा ओढत असेल, म्हणजे एखादा व्हॅक्यूम पाईप चिरला असेल, तर आयडलला ट्रिम खूप प्लस दिसतो आणि अडीच हजार आरपीएमला उतरतो. माझा दोन्हीकडे सारखाच होता, म्हणून तेही बाद.

आता तीन नंबरला खराब काय, कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देते ती) का प्लग का इंजेक्टर (पेट्रोल फवारतो तो)? इथे खर्च न करता अदलाबदल करायची. आमच्या कॉलनीतला मेकॅनिक म्हणत होता, "भाऊ, चारही कॉइल टाकून टाका ना, टेन्शनच नाही," पण चार कॉइल म्हणजे पाच-सहा हजार सहज. मी म्हटलं आधी एक शनिवार थांबू. मे महिना, नागपुरात ४५ च्या आसपास तापमान, दिवसा बॉनेटला हात लावायची सोय नाही, रात्री नऊला इंजिन पूर्ण थंड झाल्यावर तीन नंबरची कॉइल एक नंबरवर आणि एकची तीनवर लावली, प्रत्येकी १० नंबरचा एक बोल्ट आणि एक कनेक्टर, दहा मिनिटांचं काम. बहुतेक गाड्यांत एक नंबर टायमिंग चेनच्या किंवा बेल्टच्या बाजूने मोजतात, पण आपल्या गाडीचं खात्री करूनच हात घाला.

पुढच्या वर्धा चकरेत आकडे: एक नंबर ५, तीन नंबर ४४. मी गोंधळलो. कॉइल खराब असती तर सगळा दोष एकवर गेला पाहिजे होता, कॉइल चांगली असती तर एक नंबर शून्य राहायला पाहिजे होता. परत रात्री उघडलं आणि यावेळेस तीन नंबरचा प्लग काढला.

तो प्लग अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. खालचं टोक बाकी तिघांसारखंच, विटकरी-तपकिरी, काही वाईट नाही. गॅप (ठिणगी उडते ती फट) फिलर गेजने बघितला, १.१ मिमी पाहिजे तिथे १.३, पण ते चारही प्लगचं तसंच होतं. मग मोबाईलच्या टॉर्चखाली वरचा पांढरा सिरॅमिक फिरवून पाहिला तर टोकापासून खाली लोखंडी षटकोनापर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ, नखाने खरवडली तरी जात नाही. आणि एक नंबरवर नेलेल्या कॉइलच्या रबरी बुटात (प्लगवर बसणारी नळी) आत बघितलं तर तशीच एक रेघ. तेव्हा ५ आणि ४४ चा अर्थ लागला. ठिणगीला खाली गॅपमध्ये उडी मारायला जड जात होतं, ती बाहेरून सिरॅमिकवरून घसरत बॉडीला जाऊन मिळत होती, आणि त्या वाटेचा अर्धा भाग प्लगवर, अर्धा बुटावर छापला गेला होता. बूट एक नंबरला गेला, थोडा दोष त्याच्यासोबत गेला.

चढावर, हलक्या दाबावरच का व्हायचं तेही यातून कळतं. पाचव्या गिअरमध्ये आरपीएम कमी, चढ आला, पाय थोडा दाबला की सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो, आणि दाबाखाली ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. त्यात गॅप रुंद झालेला. मग करंट सोपी वाट शोधतो. शहरात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये एखादी ठिणगी चुकली तरी सततच्या पिकअप-ब्रेकमध्ये कळतच नाही, एकसारख्या चालीत मात्र लगेच टोचते.

घाट रोडवरून चार प्लग आणि एक बूट आणला, सगळं मिळून चौदाशेच्या आत. चारही प्लग बदला, एकच बदलू नका, गॅप सगळ्यांचा वाढलेला असतो, आणि रेघ पडलेल्या बुटात नवीन प्लग घालू नका, तो नव्या प्लगलाही तशीच रेघ पाडतो. प्लग हातानेच पूर्ण आट्यात बसवा, नवीन वॉशर असेल तर त्यानंतर पान्याने साधारण अर्धा फेरा, बस. ॲल्युमिनियमचं हेड आहे, जोर लावला तर आटे जातात आणि मग खरा खर्च.

आता स्कॅनरबद्दल जे नाही आवडलं ते पण लिहितो. हा चिप मूळ एल्म इलेक्ट्रॉनिक्सचा नाही, नक्कल आहे, ती कॅनडाची कंपनी तर २०२२ मध्येच बंद झाली. ज्याच्यावर "व्हर्जन १.५" लिहिलंय तो तर सरळ ओळखा, मूळ कंपनीने १.५ कधी काढलंच नव्हतं. माझा चालला, पण मित्राच्या त्याच किमतीच्या स्कॅनरवर मोड ०६ चं पान कोरंच आलं, म्हणून घेताना परत करायची सोय असलेल्या ठिकाणाहून घ्या आणि घेतल्या दिवशी ते पान उघडून बघा. एकाच वेळी सहा-सात रीडिंग लावले की आकडे दोन-तीन सेकंद मागे राहतात, हायवेवर दोनदा कनेक्शन तुटलं. एबीएस आणि एअरबॅगचं काही वाचत नाही. जुन्या गाड्यांत, ज्यात कॅन (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणारी नव्या पद्धतीची) वायरिंग नाही, सिलिंडरवार मोजणी मिळत नाही. आणि सॉकेटला बॅटरीचा करंट चावी काढली तरी चालू असतो, म्हणून स्कॅनर तसाच लावून ठेवू नका, आठ दिवस गाडी उभी राहिली तर बॅटरीवर येतं, शिवाय १२३४ पिन सगळ्यांनाच माहीत असतो.

गाडी चालवता चालवता फोनमध्ये आकडे बघू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मोजणी ईसीयू करतोच, थांबल्यावर बघा. आणि चेक लाईट लुकलुकायला लागली तर वर्ध्यापर्यंत खेचू नका, स्थिर लाईट आणि लुकलुकणारी लाईट यात फरक आहे, लुकलुकते म्हणजे न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून राहिलं, पाय काढा, हळू घ्या, पहिल्या चांगल्या जागी थांबा.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो नकली चिपसाठी, कारण याचं नशिबावर आहे आणि घेणाऱ्याला आधी कळायला मार्ग नाही.

प्लग बदलून पाच शनिवार झाले. मागच्या शनिवारी आईला घेऊन आलो, केळझरच्या चढावर मुद्दाम पाचव्यातच ठेवली, ७५ वर, पाय जरा दाबून. आई झोपली होती. घरी पोचून पान उघडलं: शून्य, शून्य, शून्य, शून्य.