क्रम कोणी लावायचा, डेटाबेसने की कोडने?
डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या क्वेरीत ‘ऑर्डर बाय’ (क्रम सांगणारा भाग) नसेल तर मिळणाऱ्या ओळींच्या क्रमाची हमी नाही. आज आयडीनुसार दिसल्या म्हणून उद्याही दिसतील असं नाही. मग क्रम लावायचा कुठे?

क्वेरीत लावला आणि योग्य इंडेक्स (डेटाबेसने आधीच क्रमाने ठेवलेली सूची) असला, तर वेगळं सॉर्टिंग बहुधा टळतं. ‘लिमिट २०’ लिहिलं की लाखभर ओळींतल्या वीसच नेटवर्कवरून येतात. कोडमध्ये लावायचा तर आधी सगळ्या ओळी मेमरीत आणा. शंभरेक ओळी असतील तर तेही चालतं.

यादी पानापानांनी दाखवायची असेल तर माझं मत क्वेरीलाच. फक्त क्रम तारखेने लावला आणि तारखा सारख्या निघाल्या तर एकच ओळ दोन पानांवर येऊ शकते. तारखेमागे आयडीही जोडा. आणि नल (मूल्यच नसलेली जागा)? डेटाबेसांपैकी पोस्टग्रेस चढत्या क्रमात ते शेवटी ठेवतं, मायएसक्यूएल सुरुवातीला.